टेबल काढून डिव्ह लावले, तर साइट गूगलवर वर येते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इचलकरंजीतले एक व्यावसायिक यंत्रमागाचे सुटे भाग विकतात. त्यांची साइट २००८ साली बनवलेली आहे आणि ती पूर्णपणे टेबलवर, म्हणजे ओळी-रकान्यांच्या कप्प्यांत, मांडलेली आहे. एका एजन्सीने त्यांना सांगितलं, की टेबलवरच्या साइटला गूगल खाली ढकलतं. सगळं डिव्ह (पानाचे साधे चौकोनी भाग) आणि सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी भाषा) ग्रिडमध्ये पुन्हा बांधलं की साइट पहिल्या पानावर येईल आणि खर्च ८५ हजार. करावं का, असं ते विचारतात.

तुम्ही दिलेली साइट मी फोनवर आणि संगणकावर, दोन्हीकडे उघडून पाहिली. मांडणी टेबलमध्ये आहे म्हणून गूगल तुम्हाला खाली ढकलत नाही. साइट दुरुस्त करायला हवी हे मात्र खरं, पण कारणं वेगळी आहेत. ती समजून न घेता ८५ हजार खर्च केलेत तर पैसे जातील आणि दुखणं तिथंच राहील. मी २००३ पासून हेच काम करतो. टेबलवर साइट बांधल्या आहेत, टेबल काढून पुन्हा बांधल्या आहेत, आणि त्यातली एक पुन्हा बांधताना बुडवलीही आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा समज आला कुठून ते आधी पाहू, कारण तो अगदी निराधार नव्हता. १९९५-९६ च्या सुमारास पानाचे दोन-तीन उभे भाग पाडायचे तर टेबलशिवाय पर्यायच नव्हता. सीएसएसची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये आली, पण ब्राउझर ती नीट पाळायला लागेपर्यंत बरीच वर्षं गेली. त्या काळात आम्ही टेबलात टेबल, त्यात आणखी टेबल घालून पानं उभी करत होतो. कोपरा गोल दिसावा म्हणून चार कप्प्यांत चार चित्रं आणि अंतर राखायला एक पिक्सेलचं पारदर्शक चित्र, असा सगळा खटाटोप असायचा. एचटीएमएल म्हणजे पानं लिहिण्याची भाषा. तिच्या डिसेंबर १९९९ च्या ४.०१ आवृत्तीच्या मानकात स्पष्ट म्हटलं आहे, की केवळ मांडणीसाठी टेबल वापरू नये. त्यामागची कारणं होती अंध वाचकांना पान वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर आणि वेगवेगळ्या आकारांचे पडदे. सर्च इंजिनचा तिथे संबंध नव्हता. तो धागा नंतर साइट बांधून विकणाऱ्यांनी जोडला.

त्यांचा युक्तिवाद असा होता. डाव्या बाजूचा मेनू टेबलच्या पहिल्या कप्प्यात असतो, म्हणून कोडमध्ये तो आधी येतो आणि खरा मजकूर खाली ढकलला जातो. सर्च इंजिन वरून खाली वाचतं, म्हणजे तुमची पहिली शंभर वाक्यं मेनूतच संपली! यावर एक तोडही निघाली होती. पहिल्या ओळीत आधी एक रिकामा कप्पा ठेवायचा, त्याच्या शेजारी मुख्य मजकुराचा कप्पा, आणि तो रोस्पॅन देऊन दोन ओळींवर पसरवायचा. मेनू दुसऱ्या ओळीत घालायचा. पडद्यावर मेनू डावीकडेच दिसतो, कोडमध्ये मात्र मजकूर आधी येतो. मी हे कित्येक साइटवर केलं आहे आणि तेव्हा त्यावर विश्वासही होता. पण साइट वर आली तर ती या रिकाम्या कप्प्यामुळे आली, असं मला एकदाही दाखवता आलं नाही. ज्या वर आल्या, त्यांच्यावर त्याच आठवड्यात नवा मजकूर चढला होता, शीर्षकं सुधारली होती.

आज तर हा प्रश्नच उरलेला नाही. गूगलचा बॉट, म्हणजे साइट वाचत फिरणारा त्याचा प्रोग्राम, आता नुसतं कोड वाचत नाही, पान प्रत्यक्ष उभं करून पाहतो. मे २०१९ पासून त्यासाठी तो क्रोमची चालू आवृत्ती वापरतो. मेनू कुठला, तळपट्टी कुठली आणि मजकूर कुठला, हे त्याला कप्प्यांच्या क्रमावरून ओळखावं लागत नाही. उदाहरण हवं असेल तर हॅकर न्यूज ही साइट पाहा. तंत्रज्ञानाच्या जगात रोज वाचली जाणारी ही साइट जुन्या पद्धतीने टेबलवरच मांडलेली आहे आणि तिची पानं शोधात अगदी व्यवस्थित येतात.

एजन्सीवाले याच्या जोडीने आणखी दोन गोष्टी सांगतात. एक, मजकुराच्या तुलनेत कोड जास्त असेल तर नुकसान होतं. दुसरी, कोड तपासणीत चुका निघाल्या तर क्रमांक घसरतो. दोन्हींत तथ्य नाही. गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेतही म्हटलं आहे, की वेबवरची बहुतेक पानं शुद्ध एचटीएमएल नसतातच. शीर्षकांचा पहिली, दुसरी, तिसरी असा क्रम चुकला तरी शोधाच्या दृष्टीने फरक पडत नाही. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना मात्र पडतो, म्हणून मी तो क्रम पाळतोच.

मग कोडच्या पद्धतीने काहीच बिघडत नाही का? काही ठिकाणी बिघडतं, आणि ती ठिकाणं नेमकी आहेत.

पहिलं ठिकाण म्हणजे हेड. पानाच्या या न दिसणाऱ्या भागात शीर्षक, वर्णन, पानाचा मूळ पत्ता (यूआरएल) सांगणारी कॅनॉनिकलची ओळ आणि गूगलसाठीच्या सूचना असतात. तिथे फक्त ठराविक टॅग, म्हणजे कोडमधल्या खुणा, चालतात. कोणी चॅटच्या खिडकीचा किंवा जाहिरातीच्या मोजणीचा तुकडा तिथे चिकटवला आणि त्यात डिव्ह, चित्र किंवा आयफ्रेम (पानात बसवलेलं दुसरं पान) असली, की ब्राउझर समजतो हेड इथेच संपलं. त्यापुढच्या सगळ्या ओळी पानाच्या अंगात जातात आणि गूगल त्या मानत नाही. माझ्या एका ग्राहकाच्या साइटवर असंच झालं होतं. एकाच वस्तूचे चार-चार पत्ते शोधात दिसत होते, आणि कोड उघडला तर कॅनॉनिकलची ओळ जागेवर होती. दोन दिवस आम्ही भलतीकडेच शोधत बसलो. शेवटी ब्राउझरने प्रत्यक्ष उभा केलेला आराखडा पाहिला, तेव्हा ती ओळ हेडच्या बाहेर सापडली. तिच्यावरचा एक चॅटचा तुकडा खाली हलवला, बाकी एका अक्षराला हात लावला नाही, आणि काही आठवड्यांत जादाचे पत्ते शोधातून गेले. म्हणून कोड तपासताना मी शंभर चुकांची यादी वाचत बसत नाही. हेड शाबूत आहे का, एवढं आधी बघतो.

दुसरं ठिकाण दुवे. गूगल एचरेफ (पुढच्या पानाचा पत्ता) असलेल्या अँकर टॅगवरून, म्हणजे दुव्याच्या खुणेवरून, पुढच्या पानावर जातो. डिव्हवर क्लिकचा जावास्क्रिप्ट लावून केलेलं बटण माणसाला दुवा वाटतं, बॉटला नाही. गंमत म्हणजे जुन्या टेबलवरच्या साइटमध्ये दुवे बहुतेक खरे असतात आणि नव्या चकचकीत साइटमध्ये ते हरवतात. तुमच्या डावीकडच्या मेनूतले सगळे दुवे खरे आहेत. नवीन बांधणीत ते तसेच राहतील याची खात्री करून घ्या.

तिसरं ठिकाण तुमच्या साइटचं खरं दुखणं आहे. तुमचा कॅटलॉग चित्रांत आहे. शटल, पिकर, फणी, बॉबिन या मालाची नावं, मापं, कोणत्या मागाला काय बसतं ही सगळी माहिती छापील कॅटलॉग स्कॅन करून चढवलेली आहे. तुमच्या धंद्यातला माणूस नेमक्या याच शब्दांनी शोधणार, आणि मजकूर म्हणून हे शब्द तुमच्या पानावर एकदाही येत नाहीत. मी पानावरचा सगळा मजकूर निवडून कॉपी केला तर हाती लागलं ते इतकंच: मेनू, पत्ता आणि 'आमच्या संकेतस्थळावर आपले स्वागत'. ही चित्रं टेबलातून काढून ग्रिडमध्ये ठेवली तर फक्त ग्रिडमधली चित्रं होतील. चित्रं सीएसएसची पार्श्वभूमी म्हणून लावली तर आणखी वाईट, कारण पार्श्वभूमीची चित्रं गूगलच्या चित्रशोधातही येत नाहीत. सीएसएसच्या 'आधी' (बिफोर) आणि 'नंतर' (आफ्टर) या सोयींनी मजकुराच्या मागेपुढे घातलेले शब्दही पानाच्या मजकुरात धरले जात नाहीत.

चौथं ठिकाण तुमचं मराठी पान. ते जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तेव्हा सगळे असंच करत होते. मराठी वृत्तपत्रांच्या साइटही अशाच होत्या, त्यामुळे यात तुमचा दोष नाही. पण ते कसं चालतं हे समजून घ्या. पानात साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. गूगल फॉन्ट बघत नाही, साठवलेली अक्षरं वाचतो. त्याच्या लेखी तुमचं मराठी पान म्हणजे अर्थहीन रोमन अक्षरांचा ढीग. तुमच्या पानावर 'यंत्रमागाचे सुटे भाग' हे शब्द तुम्हाला डोळ्यांनी दिसतात, पण शोधणाऱ्याने हेच शब्द टाकले तर ते कधीच जुळणार नाहीत. फोनवर तर तो फॉन्टच नसतो, त्यामुळे तिथे माणसालाही कचराच दिसतो. मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी रूपांतरक मिळतात, पण नंतर डोळ्यांखालून घाला. पहिली वेलांटी भलत्या अक्षराला लागते, रफार जागा सोडतो आणि जोडाक्षरं फुटतात. 'वर्ष'चं काय होतं ते एकदा बघाच. तुमची मराठी पानं सहा-सातच आहेत, म्हणून मी म्हणेन सरळ नव्याने टाइप करून घ्या.

इथे एक बारकावा, जो मला फार जवळचा आहे. कोडमध्ये पानाची भाषा मराठी आहे असं लिहिलं म्हणून गूगल ते मराठी धरत नाही. तो दिसणाऱ्या मजकुरावरून भाषा ओळखतो. तरीही ती ओळ जरूर लिहा. मराठी श आणि ल यांची आपली वळणं वेगळी आहेत, आणि ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आहेत तो ती ओळ वाचून मराठी वळण दाखवतो. स्क्रीन रीडरलाही कोणत्या आवाजात वाचायचं ते त्यावरूनच कळतं. त्याने क्रमांक वाढत नाही. आपल्या वाचकाला आपली अक्षरं दिसावीत, एवढ्यासाठी ते करायचं.

आता फोन. एजन्सीच्या बोलण्यातला खरा अंश इथे आहे, तोही त्यांनी सांगितला त्यापेक्षा वेगळ्या कारणाने. २१ एप्रिल २०१५ पासून फोनवरच्या शोधात फोनसाठी सोयीची पानं गूगल वर धरू लागला. २०१६ च्या अखेरीस त्याने जाहीर केलं, की इथून पुढे पानाची नोंद फोनवर दिसणाऱ्या रूपावरून घेणार, आणि २०२३ पर्यंत हा बदल जवळपास सगळ्या साइटना लागू झाला. तुमची साइट एक हजार पिक्सेल रुंद टेबलवर आहे आणि तिच्यात व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान पडद्याच्या रुंदीत बसवायला सांगणारी, ओळ नाही. त्यामुळे फोनवर अख्खं पान बारीक होऊन येतं आणि वाचायला दोन बोटांनी मोठं करावं लागतं. गाडीतून किंवा कारखान्यातून शोधणारा माणूस मागे फिरतो आणि दुसऱ्या दुकानाला फोन लावतो. तुमच्या धंद्याचं नुकसान इथे होत आहे, क्रमांकाचं त्याच्या मागोमाग.

पण हे सुधारायला टेबल काढावंच लागतं असं नाही. व्ह्यूपोर्टची ओळ घाला आणि सीएसएसमध्ये एक अट लिहा: पडदा अमुकपेक्षा अरुंद असेल तर मांडणीच्या टेबलाला, त्याच्या ओळींना आणि कप्प्यांना 'डिस्प्ले ब्लॉक' लावा. कप्पे एकाखाली एक येतात. टॅगमध्ये ठोकून बसवलेल्या रुंदी सीएसएसने मोडून काढाव्या लागतात, चित्रांना 'जास्तीत जास्त रुंदी १०० टक्के' द्यावी लागते आणि मेनू खूप लांब असेल तर तो मजकुराच्या खाली न्यावा लागतो. जाणकार माणसाचं दोन-तीन दिवसांचं काम. मांडणीच्या टेबलाला 'रोल प्रेझेंटेशन' असं लिहून ठेवलं, की स्क्रीन रीडर 'ओळ एक, रकाना दोन' असं वाचत बसत नाही.

आणखी एक बघा. तुमच्या रोबोट्स फाइलमध्ये, म्हणजे बॉटने काय वाचावं आणि काय नाही हे सांगणाऱ्या फाइलमध्ये, स्टाइल आणि स्क्रिप्टचे फोल्डर बॉटला बंद केलेले आहेत. २००८ साली ही सर्रास पद्धत होती. ऑक्टोबर २०१४ पासून गूगल सांगतो आहे, की ते उघडे ठेवा. तुम्ही फोनसाठी कितीही सुंदर सीएसएस लिहिलं आणि हे फोल्डर बंदच राहिले, तर गूगलला ते दिसणार नाही. फाइलमधल्या दोन ओळी काढायच्या, पाच मिनिटांचं काम.

वेगाबद्दल एजन्सी तुम्हाला हमखास आकडे दाखवेल, म्हणून ते समजून घ्या. २०२१ पासून गूगल तीन मापं पाहतो. मुख्य भाग दिसायला २.५ सेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत, पान हलण्याचं माप ०.१ च्या आत असावं, आणि बोट लावल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा. प्रतिसादाचं हे माप मार्च २०२४ पासून आलं, आधी दुसरं होतं. ही मापं क्रोम वापरणाऱ्या खऱ्या माणसांच्या २८ दिवसांच्या अनुभवावरून काढलेली असतात, एजन्सीच्या संगणकावरच्या एका चाचणीतून नाही. क्रमांकात त्यांचा वाटा आहे, पण लहान. शोधणाऱ्याला हवी ती माहिती फक्त तुमच्याकडे असेल, तर पान थोडं मंद असलं म्हणून गूगल तुम्हाला टाकून देत नाही. टेबलचा वेगाशी पूर्वी संबंध होता. कप्प्यांतला सगळा मजकूर आल्याशिवाय रकान्यांच्या रुंदी ठरत नसत, आणि जुने ब्राउझर तोवर पांढरा पडदा दाखवत बसत. आता तसं होत नाही. तुमच्या पानाला वेळ लागतो तो स्कॅन केलेल्या अवजड चित्रांमुळे.

मराठी साइटवर पान हलण्याचं एक कारण मात्र आपलं खास आहे. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांमुळे शेकडो आकार भरलेले असतात, म्हणून फाइल जड होते आणि उशिरा पोहोचते. तोवर फोनमधल्या फॉन्टमध्ये मजकूर दिसतो, मग नवा फॉन्ट येतो. त्याच्या मात्रा-वेलांट्यांची उंची वेगळी असते, त्यामुळे सगळ्या ओळी खाली सरकतात आणि वाचणाऱ्याचं बोट भलत्याच दुव्यावर पडतं. अँड्रॉइड फोनमध्ये चांगला देवनागरी फॉन्ट आधीच असतो. सुट्या भागांच्या दुकानाला तोच वापरा, वेगळा उतरवायला लावू नका.

मांडणीचा प्रत्यक्ष क्रमांकाशी संबंध आल्याची एक गोष्ट घडली आहे, ती जानेवारी २०१२ ची. पान उघडल्यावर वरच्या भागात जाहिरातीच जाहिराती आणि मजकूर शोधायला खाली जावं लागतं, अशा साइटना गूगलने तेव्हा खाली आणलं. जानेवारी २०१७ मध्ये पडदाभर येऊन मजकूर झाकणाऱ्या खिडक्यांबाबतही असंच केलं. दोन्ही वेळा प्रश्न होता माणसाला मजकूर लगेच दिसतो का. ती मांडणी टेबलने केली की डिव्हने, याच्याशी त्याला घेणंदेणं नव्हतं.

डिव्हच्या उत्साहात लोक एक चूक करतात. जे खरोखरच टेबल आहे, तेही मोडून डिव्ह करतात. तुमच्या भागांची मापं, कोणत्या मागाला बसतं, दर, हे रकान्यांतच शोभतं. ते खऱ्या टेबल टॅगमध्ये, वर शीर्षकाच्या कप्प्यांसह असू द्या. गूगल कधीकधी अशा टेबलातल्या ओळी उचलून थेट निकालात दाखवतो, आणि स्क्रीन रीडरला कुठला आकडा कुठल्या रकान्याखाली आहे ते कळतं.

आता ज्या साइटचा मी सुरुवातीला उल्लेख केला, ती. २०१६ मध्ये आम्ही एका ग्राहकाची टेबलवरची साइट पूर्ण नवी केली. कोड देखणा झाला, फोनवर छान दिसू लागली. पण नव्या व्यवस्थेत प्रत्येक पानाचा पत्ता बदलला आणि जुन्या पत्त्यांवरून नव्यांवर कायमचं वळण (रिडायरेक्ट) द्यायचं आम्ही विसरलो. दहा वर्षांत बाहेरच्या साइटनी दिलेले दुवे सगळे 'पान सापडले नाही' वर आदळू लागले. शिवाय डिझायनरला मोकळी जागा हवी होती म्हणून लांब मजकूर काढला होता. महिन्याभरात त्या ग्राहकाचे चौकशीचे फोन जवळपास थांबले. आम्ही रात्री बसून जुन्या पत्त्यांची यादी केली, एकेक वळण लावलं, काढलेला मजकूर परत आणला. तरी साइट सावरायला बरेच महिने गेले, आणि तेवढा काळ एका माणसाच्या घरखर्चाला झळ लागली. हे मी विसरलेलो नाही. म्हणून 'नव्याने बांधा, वर याल' असं कोणी सहज म्हटलं की मला राग येतो.

तुमच्यासाठी माझा क्रम असा राहील. आधी सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटच्या मालकांसाठी असलेल्या गूगलच्या साधनात, साइट जोडा, ते फुकट आहे. यूआरएल तपासणीत एखादं पान टाका आणि गूगलला दिसलेलं पान उघडून बघा. त्यात तुमच्या मालाची नावं आहेत का? नसणार. मग कॅटलॉग टाइप करून घ्या, निदान सर्वाधिक खपणाऱ्या पन्नास वस्तूंचा. प्रत्येक प्रकाराला स्वतःचं पान आणि स्वतःचं शीर्षक द्या. आज तुमच्या सगळ्या पानांचं शीर्षक एकच आहे, 'वेलकम'. गिऱ्हाईक फोनवर ज्या शब्दांत माल मागतं तेच शब्द लिहा. काउंटरवर बसणाऱ्या पोराला आठवडाभर ते वहीत टिपून ठेवायला सांगा. मराठी पानं युनिकोडमध्ये आणा. रोबोट्स फाइल सुधारा, फोनसाठीचं सीएसएस लावा. हे सगळं ८५ हजारांच्या बऱ्याच आत होईल.

त्यानंतरही नवी साइट हवी असेल तर खुशाल करा. जुना कोड सांभाळणारा माणूस मिळत नाही, हे नवी साइट करायला पुरेसं कारण आहे. फक्त एजन्सीकडून तीन गोष्टी लेखी घ्या. जुन्या प्रत्येक पत्त्याची यादी आणि त्याचं नवं ठिकाण. ती वळणं किमान एक वर्ष चालू राहतील याची हमी. आणि मजकुरातली एकही ओळ तुम्हाला विचारल्याशिवाय निघणार नाही, असं वचन. क्रमांकाची हमी देत असतील तर ती ओळ करारातून काढायला लावा, ती कोणाच्याच हातात नसते. साइट बदलण्याच्या आदल्या दिवशी जुन्या साइटची पूर्ण प्रत स्वतःच्या पेनड्राइव्हवर घेऊन दुकानाच्या तिजोरीत ठेवा.